मोठा मासा आणि उजनीकाठचा एक आठवडा

मे महिन्यातली दुपार. सोलापूरचे ऊन म्हणजे काय, ते सोलापूरकरांना सांगायला नको. कूलर गरम हवाच फिरवत होता. सुट्टीला आलेला माझा चौदा वर्षांचा भाचा फरशीवर पालथा पडून मोबाइल बघत होता. एकदम उठून बसला.

"मामू, हे बघा!"

व्हिडिओ कॅनडाचा होता. एक छोटे विमान थेट तळ्याच्या पाण्यावर उतरले. काठावर लाकडाची चार-सहा घरे, मागे झाडांचे रान, रस्ता कुठेच नाही. मग होडीत बसलेला एक माणूस दोन्ही हातांनी मासा उचलतो. मासा कसला, बकरीचे करडूच!

"आठवडाभराचं पॅकेज असतं मामू. आपण कधी जायचं?"

स्वयंपाकघरातून आपाचा आवाज आला, "आधी नववीचा निकाल लागू दे. मग जा कॅनडाला."

निकाल लागला, चांगला लागला. कॅनडा काही झाले नाही. पण त्या व्हिडिओमुळे आमच्या घरात मासेमारीवर जी चर्चा सुरू झाली, ती आम्हाला उजनीच्या काठापर्यंत घेऊन गेली.

उत्तरेकडची तळी

आधी त्या लॉजची गोष्ट सांगतो. कॅनडाच्या उत्तर भागात ग्रेट बेअर लेक नावाचे सरोवर आहे. आपला सोलापूर जिल्हा दोनदा मावेल, एवढे मोठे. वर्षातले सात-आठ महिने त्यावर बर्फ असतो. तो जुलैच्या सुमारास विरघळतो आणि मग जेमतेम दोन महिन्यांचा उन्हाळा. त्या दिवसांत तिथे रात्र जवळजवळ होतच नाही. तेवढ्या काळापुरती ही लॉज उघडतात. माणसे विमानाने येतात, आठवडाभर राहतात, रोज वाटाड्याबरोबर होडीतून गळ टाकतात. खर्च काही हजार डॉलर, म्हणजे आपले काही लाख रुपये.

याच सरोवरात १९९५ साली ७२ पौंडांचा, म्हणजे साडेबत्तीस किलोहून जास्त वजनाचा लेक ट्राउट गळाला लागला. गळाने पकडलेल्या या जातीच्या माशांत तो जागतिक विक्रम ठरला.

भाच्याला सगळ्यात नवल वाटले ते पुढच्या गोष्टीचे. एवढे पैसे खर्चून, एवढ्या लांब जाऊन पकडलेला मोठा मासा ही माणसे खात नाहीत. मोजतात, फोटो काढतात आणि परत पाण्यात सोडतात. दुपारच्या जेवणाला एखादा लहान मासा ठेवतात, तो काठावरच चूल मांडून तळतात. मासा निसटू नये म्हणून गळाच्या टोकाला जे उलटे टोक असते, तेही पकडीने दाबून सपाट करतात. त्यामुळे गळ चटकन निघतो आणि माशाचे तोंड फाटत नाही.

यामागे हिशोब आहे. बर्फाच्या पाण्यात मासा फार हळू वाढतो. तिथल्या लेक ट्राउटला अंडी घालण्याच्या वयाला यायलाच दहा-बारा वर्षे, कधी त्याहून जास्त लागतात. काही मासे पन्नास वर्षांहून अधिक जगतात. असा एक मासा ताटात गेला, तर त्याच्या जागी तेवढाच दुसरा तयार व्हायला एका माणसाचे अर्धे आयुष्य जाते. म्हणून तिथे पुढच्या वर्षीही मोठा मासा असतो. तो कोणीतरी सोडलेला असतो.

आपला मासा, आपले नाव

"मग आपल्याकडे असा मासा नाहीच का?" भाच्याने विचारले.

आहे. त्याचे नाव महासीर. जगभरचे शौकीन ज्या माशासाठी भारतात येत, तो हाच. १९४६ साली म्हैसूरच्या व्हॅन इंगेन घराण्यातल्या एका शिकाऱ्याने काबिनी नदीत १२० पौंडांचा, म्हणजे ५४ किलोचा महासीर गळाने काढला होता.

आणि ही गोष्ट आपल्यापासून लांबची नाही. दख्खनच्या महासीराची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली ती पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतल्या माशावरून. विल्यम सायक्स नावाच्या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८३९ साली ती केली. त्याने माशांना नावे दिली तीही इथल्या लोकांच्या तोंडची. खुदरी, कोळस, फुलंगी ही नावे आज जगभरच्या शास्त्रीय पुस्तकांत लॅटिन नावांचा भाग होऊन बसली आहेत. दख्खनी महासीराचे शास्त्रीय नाव आजही 'टोर खुदरी' असेच आहे.

ती मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते. भीमा उजनीत येते. आणि उजनीचे पाणी आपल्या सोलापूरच्या नळाला येते. म्हणजे ज्या माशासाठी जग वेडे झाले, त्याच्या नदीचे पाणी आपण पितो!

पण महासीराला वाहते, स्वच्छ, खडकाळ तळाचे पाणी लागते. आज मुळा-मुठेतून काय वाहत येते, ते पुणेकरांनाही माहीत आहे. धरणांनी त्याच्या वाटा अडवल्या. सत्तरच्या दशकापासून लोणावळ्याला टाटांच्या धरणांवर डॉ. सी. व्ही. कुलकर्णी आणि शशांक ओगले यांनी महासीराची पैदास करून लाखो पिल्ले तयार करण्याचे काम उभे केले. तिथली पिल्ले देशातल्या अनेक पाण्यांत सोडली गेली. तरी त्याच्या जुन्या घरी, भीमेच्या खोऱ्यात, तो आता सहज दिसत नाही.

खालांच्या गावी

माझ्या खाला करमाळा तालुक्यात, उजनीच्या फुगवट्याच्या काठी राहतात. खालूंची केळी आणि ऊस आहे. आम्ही आठवड्याचे कपडे, दोन गळाच्या काठ्या आणि खालांसाठी आंब्याची पेटी घेऊन निघालो. खालूंनी आधीच तिथल्या मच्छीमार संस्थेत विचारून ठेवले होते. धरणाच्या पाण्यात मासेमारीला परवानगी लागते, हे अनेकांना माहीत नसते.

भीमेवरचे हे धरण १९८० साली पूर्ण झाले. भरले की ११७ टीएमसी पाणी. त्यातला निम्म्याहून जास्त मृत साठा, म्हणून उन्हाळ्यात उजनी 'मायनसमध्ये' जाते. २०२४ च्या उन्हाळ्यात तर ती उणे साठ टक्क्यांपर्यंत खाली गेली होती. पाणी उतरले की बुडालेल्या गावांच्या भिंती वर येतात. खालूंनी एका चौथऱ्याकडे बोट दाखवले, "त्या तिथं आमचं घर होतं. मी तुझ्याएवढा होतो."

पहिले दोन दिवस भाच्याच्या गळाला फक्त चिलापी लागली. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला. कमी पाणी, घाण पाणी, सगळे त्याला चालते. अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळतो, त्यामुळे भराभर वाढतो. आज भिगवणच्या बाजारात ढीग असतो तो याचाच. रोहू आणि कटला साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, बाहेरून आणून सोडावी लागतात.

तिसऱ्या दिवशी वीतभर कटला लागला. भाचा खूश. पण शेजारी जाळे सावडत बसलेले एक म्हातारे मच्छीमार म्हणाले, "सोड त्याला बाळा. हात वल्ला कर आधी."

कोरड्या हाताने धरले की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि नंतर त्याला रोग लागतो. कॅनडाच्या व्हिडिओत सांगितलेली गोष्टच काकांनी सांगितली होती.

"काका, एवढा लहान कोणी पकडतं का?" भाच्याने विचारले.

"पकडत्यात की. बारीक आसाची जाळी टाकून बोटुकली बी उचलत्यात." आस म्हणजे जाळ्याचे भोक. "आन् का उचलत्यात? इकत्यात म्हणून. तुमी शहरातली मान्सं बारकं मासं कवळं हायती म्हणून मागून घेता. मग म्हनता, आता पहिल्यासारखा मोठा मासा मिळत न्हाई."

मी गप्प बसलो. कोवळे मासे मागून घेणाऱ्यांत मीही होतो.

खालांचा प्रश्न

त्या रात्री जेवताना खालांनी सरळ विचारले, "खायचं नाही तर पकडायचं कशाला? जिवाला उगाच त्रास."

खालू म्हणाले, पाण्यातली शिकार आपल्याला हलाल आहे, माशाला जबह करावे लागत नाही. पण जिवंत जनावराला खेळाचे निशाण करायला रसूलुल्लाहांनी मनाई केली आहे. खाण्यासाठी पकडणे वेगळे आणि मौजेसाठी छळणे वेगळे.

भाचा म्हणाला, "पण ते सोडतात म्हणून तर मासे उरतात ना?"

दोघांचेही खरे होते. शेवटी आमच्या घरापुरता आम्ही नियम ठरवला. गळ टाकायचा तो जेवणासाठीच. घरात खपेल तेवढे मिळाले की काठी गुंडाळायची. चिलापी हवी तेवढी घ्यायची. रोहू-कटल्याचे पिल्लू चुकून लागले तर ओल्या हाताने लगेच सोडायचे, फोटोसाठी धरून ठेवायचे नाही. खालांनी होकार दिला आणि चिलापीचा आणखी एक तुकडा त्याच्या ताटात वाढला.

लाल डाग

सहाव्या दिवशी फज्रनंतर आम्ही काकांच्या होडीतून निघालो. अंगात लाइफ जॅकेट होते, ते खालूंनी हट्टाने घालायला लावले. २१ मे २०२४ ला याच पाण्यात कुगाव ते कळाशी जाणारी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जणांचा जीव गेला. मे महिन्यात दुपारनंतर वारा कधी उठेल सांगता येत नाही. म्हणून पाण्यावर जायचे ते सकाळी, आणि ऊन चढायच्या आत काठावर यायचे.

उथळ पाण्यात, गवताजवळ, काकांनी वल्हे थांबवले. पाण्यावर ताटाएवढा लालसर डाग हलत होता.

"मरळीची पिल्लं हायती. खाली मायबाप राखणीला हायती."

क्षणभर पाणी फुगले आणि एक काळी पाठ वर येऊन गेली.

"केवढी असेल?" भाचा कुजबुजला.

"चार-पाच किलूची असंल."

त्याच्या हातात काठी होती, गळाला आमिष लावलेले होते. मरळ म्हणजे खायलाही उत्तम, आमच्या नियमात बसणारी. आठवडाभर तो ज्या माशाची वाट बघत होता, तो दहा हातांवर होता.

"आता टाकला तर घेईल?"

"घेनारच. पिल्लं राखतीया, जवळ येईल त्याच्यावर झेप टाकती."

"मग पिल्लांचं काय?"

"सांजच्यापत्तूर दुसरी मासं खाऊन टाकत्याल."

भाच्याने माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. त्याने दोरी गुंडाळली.

"तुम्ही पण सोडता, काका?"

"मी सोडतो. पन मी सोडलेलं दुसरा उचलतो. पोट समद्यांनाच हाय." काकांनी वल्हे पाण्यात घातले. "तरी सोडतो."

त्या दिवशी घरी चिलापीच तळली गेली.

जाणार असाल तर

उन्हाळ्यात मुलांना घेऊन काठावर जाणार असाल, तर परवानगीचे आधी विचारा. होडीत लाइफ जॅकेटशिवाय पाय ठेवू नका. तुटलेली नायलॉनची दोरी तिथे टाकू नका, ती पक्ष्यांच्या पायांत अडकते. भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी याच पाण्यावर येतात. आणि बाजारात गेल्यावर रोहू-कटल्याची बोटुकली मागू नका. आपण घेतली नाहीत, तर ती पकडून कोणाचा फायदा नाही.

सोलापूरला परतल्यावर आपा मासे आणायला निघाली, तेव्हा भाचा पिशवी घेऊन बरोबर गेला. कोणते घ्यायचे आणि कोणते नाही, हे मासेवाल्यासमोर आईला सांगत बसला. मासेवाला वैतागला, आपा हसली, आणि पिशवीत मोठा कटला आला.

आता तो मुंबईला आहे. पाऊस सुरू झाल्यापासून दर जुम्याला खालूंना फोन करतो. सलाम, खैरियत झाली की एकच प्रश्न असतो, "काकांना विचारलंत का? मरळीची पिल्लं केवढी झाली?"