शाळा सुटली, शिक्का राहिला

बारामती आणि इंदापूर हा नीरेच्या कालव्यावरचा, उसाचा मुलूख. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचे कारखाने सुरू झाले की दिवाळीच्या आगेमागे बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या फडात उतरतात. आईबापांबरोबर आलेल्या मुलांचं शाळेचं निम्मं वर्ष फडातच जातं. दोन-तीन हंगाम असे गेले की शाळा सुटते. पण सुटताना मूल एक गोष्ट पक्की शिकलेलं असतं: आपल्या डोक्यात काही शिरत नाही. खरं तर त्याला धड शिकायलाच मिळालेलं नसतं. हा शिक्का चाळिशीतही पुसला जात नाही. आगाऊ घेतलेल्या उचलीतले किती फिटले, किती राहिले हे तोंडपाठ सांगणारी बाई बँकेत स्लिप पुढं आली की "आमाला न्हाई जमायचं" म्हणून मागं सरते.

प्रौढ शिक्षणाची गाठ पडते ती या शिक्क्याशी. अक्षरं शिकवणं त्या मानानं सोपं. मोठ्यांना शिकवण्याची धडपड इथं जुनीच. जोतीराव-सावित्रीबाईंनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. १९५९ मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ होत असे. हे मला फार शहाणपणाचं वाटतं. मोठ्या वयात पाटी हातात धरण्याच्या लाजेचा त्या समारंभानं सगळ्या गावाचा मान केला.

आता 'उल्लास' कार्यक्रम आहे, पंधरा वर्षांपुढच्या निरक्षरांसाठी. १७ मार्च २०२४ ला राज्यात झालेली त्याची परीक्षा १५० गुणांची होती. वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी ५०. शिकवणारे स्वयंसेवक, त्यांत विद्यार्थीही. त्यामुळे आजीला नात शिकवू शकते, सासूला सून. सुनेसमोर चुकणं काही सोपं नाही, आणि ते शिकवणारीनं ओळखायला हवं. आजी अडखळली की वही ओढून स्वतःच लिहून देणारी नात, कितीही मायेनं केलं तरी, जुनाच शिक्का पुन्हा मारते. त्यापेक्षा बचत गटाच्या पासबुकातल्या तिच्याच आकड्यांवरून वजाबाकी सुरू करावी. येणाराच हिशेब कागदावर उतरताना तिला दिसतो.

परीक्षेनंतरचा रस्ताही वर्गातच सांगायला हवा. शाळा मध्येच सुटलेल्यांना १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसता येतं. पुढं १९८९ मध्ये स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहेच. आणि हंगामात टोळीची माणसं वर्गाला येत नसतील, तर वर्गानंच त्यांच्या खोपीवर जावं.