चौथीनंतरची झोप

1 मे 1999 रोजी भंडाऱ्यातून वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्याला 2024 साली पंचवीस वर्षं झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत शासन निर्णय निघाला की चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी 9 च्या आधी भरवू नयेत. लेकरांची झोप पुरी व्हावी म्हणून. निर्णय चांगलाच. पण चौथीच्या पुढच्या पोरांच्या झोपेचा विचार कोणीच केला नाही, हे मनाला फार लागलं.

जिल्ह्याची सुरुवातीची वर्षं नव्या कार्यालयांत आणि नव्या पाट्यांत गेली. माझ्या लक्षात राहिलं ते 2006 नंतरचं भारनियमनाचं दशक. वीज गेली की कंदिलावर थोडं वाचायचं आणि नऊला अंग टाकायचं. झोपमोड व्हायची ती शेतीपंपाच्या रात्रीच्या विजेनं. उन्हाळी धानाला पाणी द्यायला बाप उठला की बी.एस्सी.चा पोरगाही बॅटरी घेऊन बांधावर. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा, मग वडशाच्या नाटक कंपन्यांचे प्रयोग उजाडेपर्यंत. दुसऱ्या दिवशी वर्ग अर्धा रिकामा. तरी ही जागरणं मोसमापुरती असत; मोसम सरला की पोरं झोप भरून काढत.

याच दशकात गावोगाव पोलीस भरतीची तयारी वाढली. आमगाव, देवरीकडच्या रस्त्यांवर पहाटे चारला पोरं धावू लागली आणि ‘जो झोपला तो संपला’ हे त्यांच्या कानीकपाळी ओरडलं जाऊ लागलं. मला ते तेव्हाही पटलं नाही. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बास्केटबॉल खेळाडूंना काही आठवडे रोज दहा तास अंथरुणात राहायला लावलं, तर त्यांचा धावण्याचा वेग वाढला आणि नेमही सुधारला. आमच्या मैदानांवर हे कोणी सांगितलं नाही. जून 2014 मध्ये मुंबईत भरतीच्या 5 किलोमीटर धावण्यात उमेदवार दगावले. ऊन, पाणी, अंतर यांवर चर्चा झाली, पुढे अंतर 1600 मीटरवर आलं. बाहेरगावची पोरं फुटपाथवर रात्र काढून मैदानात उतरत होती, त्याचं काय?

2016 च्या सप्टेंबरात जिओ आलं आणि नऊला झोपणारं गाव गेलं. आता रात्री एकपर्यंत रील्स, चारला गजर. पहिल्या तासाला मागच्या बाकावर पोरगा प्रॅक्टिकलच्या वहीवर डोकं टेकून झोपलेला असतो. पिशवीत चिखलाचे बूट, भिजवलेल्या चण्यांची पुडी. त्याला उठवून वर्गाबाहेर काढतात, आळशी म्हणतात. त्याच्यावर रागावण्याआधी भरतीची तयारी करून घेणाऱ्या ॲकॅडमीवाल्यांनी हिवाळ्यात तरी हजेरी साडेसहाला घ्यावी, आणि भरतीच्या आदल्या रात्री पोरांना पाठ टेकायला प्रशासनानं जिल्ह्याच्या ठिकाणी एखादी शाळा उघडून द्यावी.