दवाची ओढ असलेली माशी

केळी जरा जास्त पिकली की त्यांच्यावर बारीक चिलटं जमतात. विज्ञानात त्यांचं नाव ड्रोसोफिला. ग्रीक भाषेत 'ड्रोसोस' म्हणजे दव आणि 'फिलोस' म्हणजे प्रेम करणारा. स्वीडनचे कीटकशास्त्रज्ञ कार्ल फॅलेन यांनी १८२३ मध्ये हे नाव ठेवलं. आंब्यात अळी सोडणारी फळमाशी ती ही नव्हे, तिचं कुळच वेगळं. ड्रोसोफिलाला फळापेक्षा त्यावर वाढणारं यीस्ट हवं असतं.

हे नाव किती खरं आहे, ते तिच्या शरीराकडे पाहिलं की कळतं. माशी जेमतेम तीन मिलिमीटरची. देह जितका लहान, तितका वजनाच्या मानाने त्वचेचा पसारा मोठा, आणि त्यातून पाणी भराभर उडून जातं. पूर्ण कोरड्या हवेत ती बहुतेकदा एक दिवसही काढत नाही.

म्हणूनच ओलावा ओळखणारं खास इंद्रिय तिला लाभलं आहे. तिच्या शृंगिकेत तीन कप्प्यांची एक सूक्ष्म खोबण असते. तिथल्या काही चेतापेशी कोरडेपणाने जाग्या होतात, तर काही दमटपणाने. माणसाला असं वेगळं इंद्रिय नाही. आपण दमटपणा गारव्यावरून आणि स्पर्शावरून ताडतो. ही चिमुकली माशी याबाबतीत आपल्या पुढे आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. प्रयोगांत घरातल्या ड्रोसोफिलाने साधारण ७० टक्के आर्द्रतेची जागा निवडली. तिची वाळवंटी बहीण, सोनोरा वाळवंटातल्या कुजक्या निवडुंगावर जगणारी ड्रोसोफिला मोहावेन्सिस, मात्र सुमारे २० टक्क्यांकडे वळली. दवाचं नाव लावणाऱ्या घराण्यात अशीही एक आहे!

कोषातून माशी बहुधा पहाटेच्या सुमारास बाहेर पडते. तेव्हा तिची कातडी मऊ असते, पंख चुरगळलेले असतात आणि पाणी झपाट्याने जातं. पहाटेची दमट हवा तिला सांभाळून घेते, असं जीवशास्त्रज्ञ कॉलिन पिटेंड्रिग यांचं म्हणणं होतं. ही वेळ ठरवणारं घड्याळ तिच्या शरीरातच असतं. १९७१ मध्ये रोनाल्ड कोनोप्का आणि सीमोर बेंझर यांनी ही वेळ चुकवणाऱ्या माश्या शोधल्या आणि त्यांच्यातून 'पीरियड' हा जनुक सापडला. त्याच जनुकाचा पाठपुरावा करून दैनंदिन जैविक लयीची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.