बगळ्याच्या छापाची सायकल

पुण्याच्या मंगळवार पेठेत दर रविवारी आणि बुधवारी जो जुना बाजार भरतो, त्यात किल्ल्यांवाचूनची कुलपे, कुलपांवाचूनच्या किल्ल्या, बंद पडलेली घड्याळे आणि कोणाच्या तरी वाड्याच्या उतरलेल्या दारांच्या कड्या यांच्या राशींतून वाट काढीत जाणाऱ्या मनुष्यास भिंतीशी टेकवलेली एखादी सायकल दिसली, तर ती विक्रीचा माल आहे की विक्रेत्याचे स्वतःचे वाहन, याची आधी खातरजमा करून घ्यावी लागते. मी ती करून घेतली, तेव्हा विक्रेत्याने किंमत सांगण्यापूर्वीच दोष सांगून टाकला. “जड चालते साहेब, खोटं कशाला बोलू? पण लोखंड बघा.”

लोखंड मी पाहिले. चोवीस इंची फ्रेम, अठ्ठावीस इंची चाके, ब्रेकच्या तारांच्या जागी सळ्या, आणि मूळच्या काळ्या रंगावर जागोजाग उठलेले तपकिरी पुटकुळ्यांसारखे गंजाचे डाग. हँडलखालच्या नळीवर जेथे कारखान्याचा पितळी बिल्ला असावयाचा, तेथे रिव्हेटांची रिकामी भोके तेवढी उरली होती. परंतु पुढच्या दातेरी चक्राच्या मधल्या कोरीव कामात लांब चोचीच्या तीन पक्ष्यांची मुंडकी एकमेकांच्या पाठीमागे धावत होती. इंग्रज ज्यास हेरॉन म्हणतात आणि आपण ढोबळपणे बगळा म्हणून मोकळे होतो, तो हा पक्षी रॅले कंपनीचे बोधचिन्ह होय. तीन हजारांपासून सुरू झालेला मामला जडपणाच्या त्या कबुलीजबाबामुळे बावीसशेंवर मिटला, आणि सायकल हाताने ढकलीत मी घरी आणली, कारण दोन्ही टायर तळाशी फाटलेले होते.

या जातीच्या सायकलीची वंशावळ थोडक्यात सांगता येते. सारख्या आकाराची दोन चाके आणि मागच्या चाकास साखळीची गती, ही आज आपणांस सनातन वाटणारी रचना जॉन केम्प स्टार्ली याने 1885 साली कॉव्हेंट्री येथे रोव्हर सायकलीच्या रूपाने रूढ केली. 1888 साली बेलफास्टमध्ये डनलॉपने हवेच्या टायरची जोड दिली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस नॉटिंगहॅमच्या रॅले स्ट्रीट नावाच्या गल्लीतील एका लहानशा कारखान्याची फ्रँक बाउडेन याच्या पुढाकाराने रॅले सायकल कंपनी झाली. म्हणजे एलिझाबेथ राणीच्या दरबारातील त्या सरदाराचे नाव सायकलीस मिळाले ते त्याच्या पराक्रमामुळे नव्हे, तर गल्लीच्या पाटीमुळे. साहेबाच्या देशातून हा माल आपल्याकडे पेट्यांतून येत असे. स्वातंत्र्यानंतर आसनसोल येथे सेन-रॅलेचा, मद्रासजवळ अंबत्तूर येथे टी. आय. सायकल्सचा, सोनीपतला ॲटलासचा आणि लुधियान्यास हीरोचा कारखाना उभा राहिला. मुंबईत वरळीस हिंद सायकल्स होतीच. नावे बदलली, परंतु त्यांच्या साध्या काळ्या सायकलीचा सांगाडा इंग्रजी घडणीचाच राहिला, आणि दूधवाला, पोस्टमन, शाळामास्तर व कारकून यांच्या तीन पिढ्या या एकाच आकृतीवर बसून आपापल्या कामास गेल्या.

या अनुकरणाचा एक फायदा मात्र अनपेक्षित आहे. अठ्ठावीस-दीड मापाचा टायर इंग्लंडात दुर्मिळ होऊन बसला असून तेथील हौशी लोकांस तो शोधीत फिरावे लागते; आपल्याकडे तो तालुक्याच्या कोणत्याही गावी खुंटीला टांगलेला मिळतो. ब्रेकचे रबर, कॉटर, छर्रे, आरे, सर्वांची तीच कथा. पुढच्या चाकास 32 आणि मागच्या चाकास 40 आरे हा इंग्रजी शिरस्ता आपल्या मिस्त्रींनी पिढ्यानुपिढ्या पाळला आहे, आणि त्यामागचे कारण विचारल्यास “वजन मागं असतं” एवढे सयुक्तिक उत्तरही ते देतात. सारांश, साहेबाची जुनी सायकल साहेबाच्या गावापेक्षा सदाशिव पेठेत स्वस्तात दुरुस्त होते.

परंतु हे सर्व खरेदी शहाणपणाने झाली असेल तर. जुन्या बाजारात नवशिक्या गिऱ्हाइकाची दृष्टी टायर, सीट आणि रंग यांवर जाते, आणि तीच तेथे सर्वांत निरुपद्रवी कलमे असतात. पाहावयाचे ते निराळेच. हँडलच्या नळीमागे, खालच्या तिरप्या नळीच्या पोटाशी, बोट फिरवावे. तेथे सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर ती सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे असे समजून पुढच्या मालाकडे वळावे. चिमटा बाजूने पाहावा, म्हणजे मागे वाकला असल्यास कळतो. सीटचा दांडा फ्रेममध्ये गंजून एकजीव झाला आहे काय, तेही हिसका देऊन पाहावे, कारण असा दांडा काढताना मिस्त्रीच्या तोंडून जे शब्द निघतात ते लिहिण्याजोगे नसतात. रिमवर आऱ्यांच्या भोकांभोवती गंजाची पापुद्री सुटत असेल तर रिम गेली. बाकी सर्व मिळते. नॉटिंगहॅमच्या मालाची आणखी एक खोड ठाऊक असलेली बरी: इतर ब्रिटिश कारखाने पायडलच्या आसाच्या कपांस इंचास 24 आटे पाडीत असता रॅलेने आपले 26 आट्यांचे स्वतंत्र संस्थान मांडले, त्यामुळे झिजला म्हणून मूळ कप फेकून देणाऱ्यास पुढे पश्चात्तापाचा योग येतो.

माझी सायकल मी ज्या मिस्त्रींकडे नेली, त्यांचे दुकान म्हणजे नारायण पेठेतील एका जिन्याखालची सहा फूट जागा. वय सत्तरीच्या पुढे, हात मात्र घड्याळजीचे. त्यांनी प्रथम कॉटरच्या नटांवर तेल सोडले आणि मला दुसऱ्या दिवशी यावयास सांगितले. कॉटर म्हणजे पायडलची दांडी आसास जखडून ठेवणारी एका बाजूने तासलेली खीळ. पन्नास-साठ वर्षांत ती दांडीच्या पोटात अशी रुतून बसते की, घाईने हातोडा घालणारा मनुष्य खीळ तर वाकवतोच, शिवाय त्या घावाने आसाखालचे छर्रे आपल्या कपांत खड्डे पाडून ठेवतात. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी दांडीखाली लोखंडी पाइपाचा तुकडा जमिनीपर्यंत टेकू म्हणून दिला, नट पूर्ण न काढता आट्यांच्या टोकाशी बरोबरीत आणून ठेवला, आणि एकच घाव घातला. दुसरा घालावा लागला नाही. “हळू दहा मारण्यापेक्षा नीट एक मारावा,” असे म्हणून त्यांनी पाव इंची, त्यांच्या भाषेत दोन सुती, छर्रे ताटलीत मोजून घेतले: बाजूस अकरा.

आता त्या जडपणाविषयी. मागच्या चाकाचा हब, बैलगाडीच्या भाषेत तुंबा, नेहमीपेक्षा पुष्कळच जाड होता, आणि चिंधीने पुसताच त्यावर स्टर्मी-आर्चर ही अक्षरे, ए. डब्ल्यू. ही संज्ञा, आणि 56 व 10 असे दोन आकडे उमटले. 1956 सालचा ऑक्टोबर महिना! चाक बदलता येते, म्हणून हबवरील सालास सनद मानू नये. पुरावा म्हणून मात्र ते दाखल करून घ्यावे. स्टर्मी-आर्चरचा तीन गतींचा हब 1902 सालापासूनचा, आणि ए. डब्ल्यू. ही त्याची 1936 साली निघालेली आवृत्ती, जी आजतागायत थोड्याफार फरकाने चालू आहे. तिच्या पोटात एक लहानसे ज्योतिर्मंडल आहे: मध्ये आसास जखडलेले 20 दात्यांचे सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी चार ग्रहचक्रे, आणि त्या सर्वांस वेढणारे 60 दात्यांचे कडे. साखळीची गती ग्रहांच्या पिंजऱ्यास देऊन कड्याकडून घेतली, तर चाक एकतृतीयांशाने जलद फिरते. कड्यास देऊन पिंजऱ्याकडून घेतली, तर एकचतुर्थांशाने सावकाश. आणि मधल्या गतीत ही सारी ग्रहमाला बाजूस राहून साखळीइतकेच चाक फिरते. यापैकी कोणता योग जुळवावयाचा, हे पोकळ आसातून उजवीकडे बाहेर येणारी एक बारीक साखळी ठरविते, आणि तिला ओढणारी तार हँडलवरील खटक्यास जोडलेली असते.

माझ्या सायकलीस खटका नव्हता, तार नव्हती, आणि ती बारीक साखळीही मुळाशी तुटलेली होती. तार ढिली सोडली की या हबची स्वाभाविक गती तिसरी, म्हणजे सर्वांत जड. कधीकाळी तार तुटली असावी, मालकाने ती काढून टाकली असावी, आणि त्या दिवसापासून हे यंत्र कोण जाणे किती वर्षे आपल्या सर्वांत जड गतीत निमूटपणे धावत, धावणाऱ्यांच्या शिव्या खात, अखेर “जड चालते” एवढाच शेरा घेऊन बाजारात आले होते. दोष म्हणून ज्यापायी आठशे रुपये कमी झाले, तो वस्तुतः दोष नव्हताच.

आतून मात्र हब तपकिरी रोगणासारख्या थराने माखला होता. मिस्त्रींनी नखाने खरवडून वास घेतला. “कुणीतरी खोबरेल घातलंय.” मराठी घरात शिवणयंत्रापासून दाराच्या बिजागरीपर्यंत सर्वांवर एकच औषध चालते, त्याचा हा परिणाम. हब डिझेलमध्ये रात्रभर बुडवून ठेवला, सकाळी ग्रहचक्रे बोटाने फिरू लागली, आणि पातळ यंत्रतेल घालताच आतील खिटींचा टिकटिक आवाज साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या सचोटीने सुरू झाला. ही कंपनी 2000 सालापासून तैवानच्या सनरेसकडे आहे, आणि तिच्या नव्या मालातील साखळी, तार व खटका या म्हाताऱ्या हबला विनातक्रार बसले. जुळवणी करण्याची रीत इतकी साधी आहे की तिचा मोह पडावा: खटका मधल्या गतीत ठेवावा, आसाच्या टोकावरील नटास असलेल्या खिडकीतून पाहावे, आणि आतील सळईचे टोक आसाच्या टोकाशी अगदी बरोबरीत येईपर्यंत तारेचा स्क्रू फिरवावा. मोजपट्टी लागत नाही, डोळा लागतो.

राहिला रंग. येथे मला माझ्या एका जुन्या पापाचा उच्चार केला पाहिजे. वीस वर्षांपूर्वी अशीच एक सायकल मी हौसेने एका रंगाऱ्याकडे टाकली होती, आणि त्याने ती भट्टीतून काढल्यासारखी चकचकीत करून परत दिली. मडगार्डावरच्या हाताने ओढलेल्या सोनेरी रेघा, नळीवरची अक्षरे, मालकाच्या मांडीने झिजवलेला दांडा, सर्व काही त्या काळ्याभोर झिलईखाली गडप झाले. खेडोपाडी हेमाडपंती देवळांच्या खांबांवर भाविक मंडळी पिवळा आणि गुलाबी तैलरंग फासतात आणि त्यास जीर्णोद्धार म्हणतात, तशातलाच तो प्रकार होता; आणि रंगाऱ्यास मी दोष देत नाही, कारण हुकूम माझा होता. या खेपेस मी काही बोलण्यापूर्वीच मिस्त्री म्हणाले, “रंग मारायचा असंल तर दुसरीकडं न्या.” मी नेली नाही. साबणाच्या पाण्याने धुऊन, गंजावर यंत्रतेल आणि पितळी तारेची घासणी चालवून, क्रोमच्या हँडलवर ओल्या ॲल्युमिनियमच्या कागदाचे बोळे फिरवून जे निघाले तेवढे काढले, आणि मागे राहिले ते मेण लावून राहू दिले. मडगार्डावरच्या दोन सोनेरी रेघांपैकी एक अर्धी, आणि एक पाऊण, अशा मेणाखालून वर आल्या. हँडलच्या दांडीला तारेने बांधलेला सायकल-कराचा पत्र्याचा बिल्लाही मी तसाच ठेवला आहे; त्यावरील सालाचा शेवटचा आकडा गंजाने खाल्ला आहे.

सायकल चालते कशी, असे कोणी विचारील. सावकाश. पाठ ताठ ठेवून बसावे लागते, त्यामुळे रस्त्यावरील ओळखीची माणसे दिसतात, जी अलीकडच्या वाकून चालवावयाच्या सायकलींवरून दिसत नाहीत. लक्ष्मी रस्त्यावर मधली गती पुरते, संभाजी पुलाच्या चढास पहिली. पावसाळ्यात मात्र सळ्यांचे ब्रेक ओल्या क्रोमवर केवळ उपचारापुरते लागतात, आणि पुढच्या माणसास घंटेने आगाऊ सूचना देणे हाच खरा उपाय. या बाबतीत जुन्या काळाची स्तुती करण्याचे कारण नाही.

हिशेब असा: सायकल 2,200, टायर-ट्यूब 950, खटका, तार व साखळी 1,900, कॉटर, छर्रे, चेन, ब्रेकचे रबर 620, मजुरी 1,200. एकूण 6,870 रुपये. यात सीटचा खर्च नाही, कारण मूळच्या कातडी सीटचा पुढचा ताणबोल्ट दोन फेरे आवळून ती पुन्हा बसण्याजोगी झाली.

वाड्यांच्या जागी इमारती उठताना जिन्याखालचे अडगळीचे सामान सरसकट भंगारवाल्याच्या काट्यावर चढते, आणि त्यात अशी एखादी काळी सायकल असतेच. ती देऊ नका असे सांगण्याचा मला अधिकार नाही. परंतु देण्यापूर्वी मागच्या चाकाचा हब एकदा ओल्या फडक्याने पुसून, त्यावर काय लिहिले आहे तेवढे वाचून घ्यावे.