जुना संगणक मध्येच का बंद पडतो?

मोठ्या शहरांतल्या कचेऱ्या काही वर्षांनी आपले संगणक बदलतात. जुने एकगठ्ठा विकले जातात. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून फिरत फिरत तालुक्याच्या दुकानात येतात आणि तिथून एखाद्या शिक्षकाच्या, किराणा दुकानदाराच्या किंवा कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या घरी पोचतात. यात कमीपणा काही नाही. दहा-बारा वर्षांमागचे यंत्रही पत्रे लिहायला, हिशेब ठेवायला, प्रश्नपत्रिका काढायला पुरून उरते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली जो टिफ्रॅक संगणक चालू झाला, त्याच्या स्मृतीत अवघे २०४८ आकडे मावत. आज टाकाऊ म्हणून विकल्या जाणाऱ्या यंत्राची स्मृती त्याच्या काही लाख पट असते. तेव्हा यंत्र लहान आहे, ही तक्रार खरी नव्हे.

तक्रार असते ती वेगळीच. पत्र अर्धे लिहून होते आणि खिडकीच नाहीशी होते. मुलांचे गुण भरता भरता पडदा निळा पडतो, त्यावर इंग्रजीत काहीतरी उमटते आणि यंत्र आपले आपण पुन्हा चालू होते. कधी पडदा आहे तसा थिजतो. माउस हलवा, कळ दाबा, ढिम्म!

मग घरातला जाणता म्हणतो, "सॉफ्टवेअर खराब झालं असणार. फॉरमॅट मारून आणू." दुकानदारही तेच सांगतो. त्याला दोष कसा द्यावा? दोन-चार तासांत काम उरकते आणि यंत्र नव्यासारखे दिसू लागते. पण फॉरमॅट मारणे म्हणजे पाटी पुसणे. पाटीवरची तुमची पत्रे, फोटो, हिशेब तर पुसले जातातच. बिघाड कशाने झाला याचा पुरावाही पुसला जातो. आणि तडा पाटीलाच गेला असेल, तर ती कितीदा पुसली तरी काय उपयोग?

म्हणून आधी एक काम. दुरुस्तीचा विचारही मनात आणण्यापूर्वी, यंत्र चालते आहे तोवर, आपले कागद पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. आज घ्या. शाळेची कामे असतील तर दोन ठिकाणी घ्या.

आता मूळ प्रश्न असा : दोष प्रोग्रामात आहे की यंत्रात? दोन्हींचे लक्षण वरून सारखेच दिसते, पण त्यांचा स्वभाव निराळा असतो. प्रोग्राम म्हणजे सूचनांची यादी. यादीत चूक असली तर ती चूक त्याच ओळीवर, त्याच कामाच्या वेळी भेटते. छापायला दिले की प्रोग्राम बंद पडतो; दुसरे काहीही करा, पडत नाही. अशा वेळी संशय प्रोग्रामावर घ्यावा, किंवा प्रिंटर चालवणाऱ्या ड्रायव्हर नावाच्या त्याच्या मदतनिसावर. यंत्राचा दोष मात्र भटका असतो. आज लिहिताना, उद्या गाणे ऐकताना, परवा कोणी हातही लावलेला नसताना. निळ्या पडद्यावरचे शब्दही दर खेपेस वेगळे. हा नियम काही शंभर टक्के नव्हे; बिघडलेला ड्रायव्हरही नाना सोंगे घेतो. तरी सुरुवातीला हातात धरायला याहून चांगला धागा नाही.

हा धागा सापडतो तो वहीत. एक साधी वही संगणकाशेजारी ठेवावी. बंद पडला की तारीख, वेळ, चालू करून किती वेळ झाला होता, कोणते काम चालले होते, एवढे लिहावे. निळ्या पडद्याचा मोबाइलवर फोटो काढावा. नुकतीच वीज गेली-आली असेल तर तेही टिपावे. दहा-बारा नोंदी झाल्या की आकार दिसू लागतो. विद्यार्थ्यांकडून प्रयोगवही लिहून घेणाऱ्या शिक्षकांना याचे महत्त्व मी निराळे काय सांगावे?

गंमत अशी की, यंत्र स्वतःही एक रोजनिशी ठेवत असते आणि ती फारसे कोणी उघडत नाही. विंडोजच्या शोधपट्टीत 'रिलायबिलिटी' हा शब्द इंग्रजीत लिहिला, की 'व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी' असे नाव पुढे येते. त्यात तारखांचा एक आलेख असतो आणि बिघाडाच्या दिवशी लाल फुली असते. फुलीवर जाऊन तपशील उघडला, की कोणता प्रोग्राम पडला ते दिसते आणि 'फॉल्ट मॉड्यूल नेम' या ओळीत नेमक्या कोणत्या भागापाशी पडला तेही दिसते. दर वेळी तेच नाव असेल तर तो भाग काढून नव्याने बसवावा. बहुधा तेवढ्याने भागते. नावे दर वेळी बदलत असतील तर मोर्चा यंत्राकडे वळवावा. एक सूचना मात्र करतो. 'इव्हेंट व्ह्यूअर'मध्ये 'कर्नल-पॉवर ४१' अशी नोंद दिसली की काही जण लगेच "पॉवर सप्लाय गेला" म्हणतात. त्या नोंदीचा अर्थ इतकाच, की यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. कशामुळे, ते ती सांगत नाही.

याहून पक्की एक कसोटी आहे, आणि ती जवळजवळ फुकट आहे. लिनक्स मिंटसारखी प्रणाली पेन ड्राइव्हवर उतरवता येते आणि डिस्कला हात न लावता थेट तिथूनच यंत्र चालवता येते. असे एक-दोन दिवस चालवून पाहा. तरीही यंत्र पडू लागले, तर विंडोज निर्दोष सुटले असे समजावे, कारण ते तर चालूच नव्हते. उलट पेन ड्राइव्हवर सगळे सुरळीत चालले, तर दोष विंडोजमध्ये, त्यावरच्या प्रोग्रामांत किंवा खुद्द डिस्कमध्ये आहे. डिस्क या कसोटीत वगळली जाते, हे मात्र विसरू नये.

यंत्रातले नेहमीचे गुन्हेगार चार : उष्णता, स्मृती, डिस्क आणि वीजपुरवठा.

उष्णता ओळखायला सोपी. सकाळी यंत्र नीट चालते, वैशाखातल्या दुपारी पडते. लिहिताना टिकते, व्हिडिओ लावला की अर्ध्या तासात बंद. प्रोसेसरवर धातूच्या पात्यांचा एक ठोकळा असतो आणि त्यावर पंखा. दहा वर्षांत त्या पात्यांत धुळीची गोधडी बसते. ठोकळा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणारा लेप असतो, तोही सुकून खडूसारखा होतो. वायर काढून, पंख्याची पाती बोटाने धरून, मऊ ब्रशाने धूळ काढावी. लेप नवा लावायचा तो तांदळाच्या दाण्याएवढा. जास्त लावल्याने जास्त गारवा येत नाही. साध्या कामातही तापमान ९० अंशांवर जात असेल, तर पुढे काही तपासण्याआधी हे उरकून घ्यावे.

स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, दोष सर्वांत फसवा. समजा, स्मृतीतल्या कोट्यवधी घरांपैकी एक घर नासले आहे. त्या घरात आज पत्राचा मजकूर आला तर एखादे अक्षर बदलेल आणि कोणाला कळणारही नाही. उद्या तिथे प्रोग्रामाची सूचना आली तर प्रोग्राम कोसळेल. परवा विंडोजचा स्वतःचा भाग आला तर पडदा निळा. दोष एकच, पण सोंगे तीन. त्यात आणखी एक हानी आहे. चुकीचा मजकूर पुन्हा डिस्कवर जतन होतो आणि चांगली फाइल कायमची बिघडते. माझ्या परिचयातल्या एका प्राथमिक शिक्षकांचा संगणक वर्षभरात तीनदा फॉरमॅट झाला. दुसऱ्या खेपेला सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका आणि वर्गाची टिपणे गेली, कारण नक्कल घ्यायची आठवण कोणालाच झाली नाही. प्रत्येक खेपेनंतर आठवडा बरा जाई, मग पहिले पाढे पंचावन्न. अखेरीस रॅमची चाचणी लावली, तेव्हा दोन पट्ट्यांपैकी एक खराब निघाली. ती काढून टाकली. निम्म्या स्मृतीवर यंत्र सावकाश चालते, पण पडत नाही.

ही चाचणी कोणालाही करता येते. विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची सोय आहे. 'मेमटेस्ट ८६ प्लस' हा मोफत प्रोग्राम पेन ड्राइव्हवरून चालतो आणि अधिक कसून तपासतो. रात्री लावून ठेवावा, सकाळी पाहावे. चूक एकही चालत नाही; "एकच तर आहे" असे येथे म्हणता येत नाही. चूक दिसली तर यंत्र बंद करून वायर काढावी, लोखंडी कपाटाला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवावी आणि पट्ट्या बाहेर काढाव्यात. त्यांची सोनेरी दाती कधी कधी नुसती काळवंडलेली असतात. मऊ पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसून, रबराचे कण झटकून, पट्टी पुन्हा घट्ट बसवावी. एवढ्याने भागले नाही, तर एकेक पट्टी एकटी लावून चाचणी घ्यावी. दोन्ही एकदम बदलल्या तर चोर कोण ते कळत नाही. ही गोष्ट केवळ रॅमची नाही. एका वेळी एकच बदल करायचा आणि मग थांबून पाहायचे.

डिस्कची लक्षणे निराळी. यंत्र पडण्याआधी मिनिट-मिनिट अडखळते, फाइल उघडायला वेळ घेते, आतून टक्‌टक् आवाज येतो. डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. 'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा मोफत प्रोग्राम ती दाखवतो. तिथे 'कॉशन' किंवा 'बॅड' दिसले, तर डिस्क दुरुस्त करण्याच्या आज्ञा देत बसू नये. मरणोन्मुख डिस्कला सारी तपासायला लावणे म्हणजे दमेकऱ्याला गड चढायला लावण्यासारखे आहे. आधी कागद उतरवून घ्यावेत, मग बाकीचे. जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी लहानशी एसएसडी बसवली तर यंत्र इतके चपळ होते की, जुन्या संगणकावर खर्च करायचाच तर माझ्या मते पहिला पैसा तिथे घालावा. पण रॅम तपासल्यावाचून नव्हे.

वीजपुरवठ्याबद्दल आपल्या खेड्यांत वेगळे सांगायला नको. दाब वर-खाली होतो, अर्थिंग नावालाच असते. यंत्राला आतून १२, ५ आणि ३.३ व्होल्टचे प्रवाह लागतात. १२ व्होल्टचा ११.४ च्या खाली जाऊ लागला की यंत्र कशाही वेळी पुन्हा सुरू होते. मुख्य बोर्डावर लहान लहान डब्यांसारखे कपॅसिटर असतात. त्यांचे माथे सपाट असावेत. फुगलेले किंवा तपकिरी पाणी सुटलेले दिसले, तर दोष सापडलाच म्हणून समजा. मात्र पॉवर सप्लायची बंद पेटी घरी उघडू नये. तिच्यात ३०० व्होल्टच्या वर दाब असतो आणि वायर काढल्यावरही तो काही काळ टिकून राहतो. ती पेटी बदलायची वस्तू आहे, उघडायची नव्हे.

हे चारही निर्दोष ठरले, तर प्रोग्रामांकडे यावे. जुन्या यंत्रांत दोन-दोन अँटिव्हायरस एकमेकांशी भांडताना आढळतात, एक काढावा. बिनपरवान्याचे विंडोज आणि ते 'चालू' करणारी चोरटी साधने दुकानातूनच भरून आलेली असतात. त्यांच्याबरोबर काय काय आत आले, ते सांगता येत नाही. ती सोय स्वस्त वाटते, पण मी तिची शिफारस करणार नाही. जुने मराठी टंकलेखनाचे प्रोग्राम हा आपला खास दुखरा भाग. त्यांतले काही इतके जुने आहेत की आजच्या ६४ बिटी विंडोजवर ते पडतात तरी किंवा उघडतच नाहीत. विंडोजमध्ये युनिकोड मराठीचा इन्स्क्रिप्ट कळफलक मुळातच असतो. महिनाभर सराव केला की हात बसतो, आणि आपला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावरही वाचता येतो.

विंडोज १० चा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ या वयाच्या बहुतेक यंत्रांना रीतसर स्वीकारत नाही. पाठिंबा संपला म्हणून यंत्र पडत नाही, पण सुरक्षिततेची भोके बुजवली जात नाहीत. अशा यंत्रावर बँकेचे व्यवहार करू नयेत. ज्या पेन ड्राइव्हवर कसोटी घेतली, तोच लिनक्स कायमचा बसवला तर बऱ्याच घरांचे काम भागते.

राहता राहिले एक लहानसे दुखणे, ज्यासाठी कित्येकदा विनाकारण फॉरमॅट होतो. यंत्र चालू करताच घड्याळ काही वर्षे मागे गेलेले दिसते आणि एकही संकेतस्थळ धड उघडत नाही, कारण तारीख चुकली की त्यांची ओळखपत्रे यंत्राला खोटी वाटतात. मुख्य बोर्डावर रुपयाच्या नाण्याएवढी एक चपटी बॅटरी असते, ३ व्होल्टची, 'सीआर २०३२' नावाची. ती संपलेली असते. घड्याळजीच्या दुकानातही बहुधा मिळते. बदलून तारीख लावली की झाले.