संकेतस्थळाची पुनर्रचना आणि मराठी पाठ

बेंगळुरूत एकाच संकेतस्थळावर कन्नड व मराठी मजकूर मांडावयाचा झाल्यास रचनाकारापुढे लिपीचा प्रश्न उभा राहतो. १९९१ च्या युनिकोडमध्ये कन्नड व देवनागरी यांना स्वतंत्र संकेतविभाग मिळाले. मराठी आणि हिंदी यांना मात्र देवनागरीचा एकच विभाग लाभला. परिणामी मराठी वळणाचे ‘ल’ व ‘श’ दिसण्यासाठी पानाची भाषा मराठी म्हणून नोंदवावी लागते किंवा मुळातच मराठी वळणाचा टंक योजावा लागतो. युनिकोडपूर्व टंकांतील मजकुराची अडचण याहून गंभीर आहे. पुनर्रचनेत तो रूपांतरित न करता केवळ टंक बदलला, तर रोमन चिन्हांची अर्थहीन ओळ उरते. रूपांतर सदोष असल्यास जोडाक्षरे बिघडतात. या अर्थी पुनर्रचनाकार पाठसंपादकच ठरतो. म्हणून अभ्यासकाने संकेतस्थळावरील पाठ उद्धृत करण्यापूर्वी मुद्रित प्रतीशी ताडून पाहणे अगत्याचे आहे.