रिमोटवरची वेगवान बोट : वेग वाढवण्याआधी मोजमाप हवे

सणसवाडी - बाजारातून आणलेली रिमोटवर चालणारी बोट काही दिवसांतच संथ वाटू लागते. मग अधिक शक्तीची मोटार, मोठी बॅटरी आणि मोठा पंखा बसवण्याचा मोह होतो. अशा बदलांनंतर बोट पहिल्या फेरीत सुसाट धावते आणि दुसऱ्या फेरीत तिचा कंट्रोलर धूर सोडतो, हा या छंदातील नेहमीचा अनुभव आहे. काही हजार रुपयांचे हे नुकसान टाळता येते. त्यासाठी महागडी उपकरणे लागत नाहीत. चाचणीची शिस्त लागते.

पुणे-अहिल्यानगर रस्त्यावरील सणसवाडी हे कारखान्यांचे गाव आहे. ट्रॅक्टरपासून सुट्या भागांपर्यंत अनेक वस्तू येथे तयार होतात. कोणतेही यंत्र चाचणीशिवाय कारखान्याबाहेर जात नाही, हे येथील कामगाराला वेगळे सांगावे लागत नाही. तोच नियम हातभर लांबीच्या बोटीलाही लागू पडतो.

सव्वाशे वर्षांची परंपरा

बिनतारी संदेशावर चालणारी बोट निकोला टेस्ला यांनी १८९८ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधील प्रदर्शनात दाखवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्याआधी, १८७२ मध्ये, विल्यम फ्रूड यांनी इंग्लंडमध्ये टॉर्की येथे हौद बांधून जहाजांच्या छोट्या प्रतिकृतींवर पद्धतशीर प्रयोग सुरू केले होते. प्रतिकृतीवरून मोठ्या रचनेचा अंदाज घेण्याची हीच पद्धत पुण्याजवळ खडकवासला येथील केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात नद्या, धरणे व बंदरांच्या अभ्यासासाठी वापरली जाते. या केंद्राची सुरुवात १९१६ मधील आहे. छंद म्हणून चालणाऱ्या प्रतिकृती-नौकांच्या शर्यतींची 'नाविगा' ही जागतिक संघटना १९५९ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझल येथे स्थापन झाली.

वेगाचे गणित

मोटारीवर 'केव्ही' हा आकडा छापलेला असतो. एका व्होल्टला मोटार विनाभार किती फेरे घेईल, हे तो सांगतो. २००० केव्हीची मोटार चार सेलच्या, म्हणजे १४.८ व्होल्टच्या लिथियम-पॉलिमर बॅटरीवर मिनिटाला २९,६०० फेरे घेते. पंख्याचा व्यास ४० मिलिमीटर आणि त्याची एका फेऱ्यातील सैद्धांतिक आगेकूच ५६ मिलिमीटर असेल, तर कागदावरील वेग ताशी सुमारे ९९ किलोमीटर येतो. प्रत्यक्षात भाराखाली फेरे कमी होतात आणि पंखा पाण्यात काहीसा घसरतो. दोन्हींसाठी पंधरा-पंधरा टक्के वजा केल्यास वेग ताशी सुमारे ७२ किलोमीटर उरतो.

खरी मेख पुढे आहे. पंख्याला लागणारी शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते. तीन सेलऐवजी चार सेल लावल्यास फेरे एकतृतीयांशाने वाढतात; मात्र शक्ती जवळजवळ २.४ पट लागते. व्यासाचा परिणाम याहून तीव्र आहे. त्याच घडणीचा पंखा ४० ऐवजी ४४ मिलिमीटरचा बसवला आणि फेरे तेवढेच राहिले, तर लागणारी शक्ती सुमारे ६० टक्क्यांनी वाढते. चार मिलिमीटरच्या फरकाने कंट्रोलर का जळतो, याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आधी जमिनीवर

पहिली चाचणी टेबलावर घ्यावी. बोट घट्ट बसवून, पंखा मोकळा ठेवून आणि हात दूर ठेवून मोटार दोन-तीन सेकंदच फिरवावी. लवचिक शाफ्टला ग्रीस आहे ना आणि कोठे थरथर जाणवते का, हे पाहावे. थरथर असल्यास पंख्याचे संतुलन साधावे लागते. धातूचे काही पंखे बेरिलियम आणि तांब्याच्या मिश्रधातूचे असतात. त्यांची धूळ फुफ्फुसांना घातक असल्याने असे पंखे पाणी लावून ओलेच घासावेत आणि मास्क वापरावा.

त्यानंतर हातातील रिमोट बंद करून पाहावा. संपर्क तुटताच मोटार थांबली पाहिजे. ती थांबत नसेल, तर बोट पाण्यात सोडू नये. हल्लीचे रिमोट २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात. कमी शक्तीच्या उपकरणांसाठी हा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला. या लहरी पाण्यातून जवळजवळ जात नाहीत, म्हणून बोटीतील अँटेना पाण्याच्या पातळीपेक्षा वर ठेवावी. बोट उलटली तरी तरंगावी, यासाठी आतील रिकाम्या जागेत फोमचे तुकडे भरावेत.

पाण्यावर तीस सेकंद

पहिली फेरी तीस सेकंदांची असावी. बोट काठाला घेऊन मोटार, कंट्रोलर, वायरींचे जोड आणि बॅटरी यांचे तापमान पाहावे. साध्या निओडिमियम चुंबकांची शक्ती ८० अंश सेल्सिअसच्या पुढे घटू लागते. बॅटरी ६० अंशांपुढे जाता कामा नये. मोटार थंड ठेवणारे पाणी बाजूच्या छिद्रातून सतत बाहेर पडताना दिसले पाहिजे. सर्व ठीक असल्यास पुढची फेरी एक मिनिटाची करावी.

किती विद्युतप्रवाह खर्च झाला, हे चार्जर सांगतो. एका मिनिटाच्या फेरीनंतर बॅटरी पुन्हा भरताना १,००० मिलिअँपिअर-तास लागले, तर सरासरी प्रवाह ६० अँपिअर होता. कमाल प्रवाह याहून बराच अधिक असतो, हे ध्यानात घेऊनच कंट्रोलर निवडावा.

वेग मोजण्यासाठी बोटीत छोटे जीपीएस उपकरण ठेवता येते. ते नसल्यास काठावर ५० मीटर अंतरावर दोन काठ्या रोवाव्यात. हे अंतर तीन सेकंदांत कापले, तर वेग ताशी ६० किलोमीटर. वारा आणि प्रवाहाचा परिणाम वजा व्हावा म्हणून दोन्ही दिशांनी मोजून सरासरी घ्यावी.

एका वेळी एकच बदल

बोटीचा तोल बॅटरी पुढेमागे सरकवून साधला जातो. गुरुत्वमध्य मागच्या टोकापासून लांबीच्या साधारण तीस टक्क्यांवर ठेवून सुरुवात करावी. पुढचे टोक वारंवार उसळत असेल, तर बॅटरी पाच मिलिमीटर पुढे घ्यावी. बोट पाणी नांगरल्यासारखी चालत असेल, तर मागे. पंख्याचा दांडा प्रारंभी तळाला समांतर ठेवावा. बोट एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर डोलू लागली, तर वेग लगेच कमी करून रचना तपासावी.

प्रत्येक बदलानंतर वही काढावी. पंखा, बॅटरीची जागा, दांड्याचा कोन, वेग, तापमान आणि खर्च झालेला प्रवाह अशी सहा नोंदी पुरेशा आहेत. दोन बदल एकदम केल्यास सुधारणा कशामुळे झाली, हे कळत नाही. वेग ताशी दोन किलोमीटरने वाढला आणि मोटार पंधरा अंशांनी अधिक तापली, तर तो सौदा तोट्याचा आहे.

शेततळे की नदी?

शिरूर तालुक्यात अशा चाचणीसाठी शेततळे जवळचे वाटते. राज्य सरकारच्या २०१६ मधील 'मागेल त्याला शेततळे' योजनेत सर्वांत मोठे तळे ३० मीटर लांब, ३० मीटर रुंद आणि तीन मीटर खोल होते. ताशी ७० किलोमीटरने धावणारी बोट ३० मीटर अंतर दीड सेकंदात संपवते. त्यामुळे गळती, तोल आणि संथ वळणे पाहण्यापुरतेच शेततळे योग्य. पूर्ण वेगाला ते अपुरे आहे. शिवाय धातूच्या पंख्याने प्लॅस्टिकचे अस्तर फाटून शेतकऱ्याचे नुकसान होऊ शकते.

त्याहून मोठा धोका माणसाला आहे. अस्तराचा उतार शेवाळाने निसरडा होतो आणि पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बंद पडलेली बोट आणण्यासाठी कोणीही पाण्यात उतरू नये. मासेमारीच्या गळाला टेनिसचा चेंडू बांधून ती ओढून आणता येते. बांधलेला दोर, हवा भरलेली ट्यूब आणि सोबतीला एक प्रौढ व्यक्ती असल्याशिवाय चाचणी सुरूच करू नये.

कोरेगाव भीमा येथे भीमा नदीचे पात्र रुंद आहे. मात्र तुळापूरला इंद्रायणी तिला मिळते आणि प्रवाहाबरोबर जलपर्णीही येते. तिची मुळे पंख्यात अडकली की प्रवाह एकदम वाढतो आणि कंट्रोलर जळतो. म्हणून स्वच्छ, मोकळे आणि स्नान करणारे, कपडे धुणारे वा जनावरे नसलेले पाणीच निवडावे.

घरी परतल्यावर बोट उघडून वाळवावी आणि शाफ्टला पुन्हा ग्रीस लावावे. फुगलेली किंवा पाणी शिरलेली बॅटरी चार्जिंगला लावू नये. चार्जिंग चाऱ्याच्या गंजीपासून व अंथरुणापासून दूर, लक्ष ठेवूनच करावे. बॅटरी वापरात नसताना प्रत्येक सेल सुमारे ३.८ व्होल्टवर ठेवल्यास ती अधिक काळ टिकते आणि पुढच्या चाचणीचे आकडेही आधीच्या नोंदींशी ताडून पाहता येतात.